पंपाला दिवसा वीज आणि संध्याकाळचे सात

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय : "देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा-गॅसशिवायचा झाला, अशी बातमी वाचली. मग अजूनही बहुतांश वीज कोळशाचीच कशी? आख्खा देश अक्षय ऊर्जेवर न्यायचा तर सुरुवात कुठून करायची, आणि आमच्यासारख्यांनी त्यासाठी काय शिकायचं?"

मी एकतीस वर्षं वीज वितरणात काढली. सुरुवात ग्रामीण उपविभागात कनिष्ठ अभियंता म्हणून झाली, आणि निवृत्तीनंतर आता कारखान्यांचं ऊर्जा लेखापरीक्षण करतो. त्यामुळे माझं उत्तर फीडर (सबस्टेशनमधून गावाकडे जाणारी वाहिनी), डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) आणि मोटारीच्या बाजूने येईल. धोरणाच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ आहेत.

बातमी खरी आहे. २०३० पर्यंत निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनाशिवायची करायची, असं भारताने जगाला सांगितलं होतं. ते जुलै २०२५ मध्येच गाठलं गेलं. तेव्हा देशाची एकूण क्षमता ४८५ गिगावॅटच्या (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) घरात होती आणि त्यातली सुमारे २४३ गिगावॅट सौर, पवन, जल, जैवभार आणि अणुऊर्जा मिळून होती. पाच वर्षं आधी गाठलेलं उद्दिष्ट ही मोठीच गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे मोटारीवर लिहिलेला एचपी. विहिरीतून पाणी किती आलं, ते मोटार किती तास चालली यावर ठरतं. हजार मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १७५ कोटी युनिट देतो. हजार मेगावॅटचं कोळशाचं केंद्र बऱ्यापैकी चाललं तर ६०० कोटी युनिट देतं. क्षमता निम्मी-निम्मी असूनही कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास का, ते इथेच कळतं.

युनिटांइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे, आणि या सगळ्या स्थित्यंतराचा जीव त्यातच अडकलाय असं माझं मत आहे. दुपारी बारा वाजता आज देशात सौरवीज इतकी असते की राजस्थानातल्या काही प्रकल्पांना २०२५ मध्ये, वीज लांब नेणाऱ्या पारेषण वाहिन्या तयार नसल्यामुळे, आपली निर्मिती कमी करावी लागली. दुपार कलली की ती वीज उतरू लागते आणि संध्याकाळी सहा-सातपर्यंत सगळी मावळते. नेमक्या त्याच वेळी घरोघर दिवे लागतात, पंखे फिरतात, एसी सुरू होतात, पाण्याच्या टाक्या भरायला घेतात. सात वाजताची वीज कोण देणार? हा प्रश्न सुटत नाही तोवर कोळशाचा संच बंद करता येत नाही. आणि तो संच सातला पूर्ण ताकदीने चालायचा असेल तर दुपारी त्याला विझवून ठेवता येत नाही, मंद आचेवर धगधगता ठेवावा लागतो. आपले बहुतेक संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या खाली आणता येत नसत. आता ते ४० टक्क्यांपर्यंत उतरवण्याचे प्रयत्न चाललेत. त्यात बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो, तेल जास्त लागतं, दुरुस्त्या वाढतात. दुपारी सौरवीज वाया जाते आणि शेजारी कोळसाही जळत असतो, असं चमत्कारिक चित्र त्यातून तयार होतं.

मग सुरुवात कुठून? सर्वांत आधी गळतीपासून. वाचवलेल्या युनिटाला कंटाळवाणी गोष्ट समजून बाजूला ठेवतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीच्या मालकांनी मला बोलावलं होतं ते छतावर किती किलोवॅटचं सोलर बसवावं हे विचारायला. मी म्हटलं, रविवारी येतो, कारखाना बंद असताना. सगळ्या मशिन थांबवल्या आणि फक्त पंचावन्न किलोवॅटचा एअर कॉम्प्रेसर सुरू ठेवला. हवा वापरणारं कोणीच नाही, म्हणजे टाकी एकदा भरली की कॉम्प्रेसर निवांत राहायला हवा. तो दीड मिनिट लोडवर जायचा, तीन मिनिटं थांबायचा, परत दीड मिनिट लोडवर. घड्याळ लावून दहा वेळा मोजलं. साडेचारातली दीड मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश हवा पाइपलाइनमधूनच निसटत होती. शेडमध्ये इतकी शांतता होती की फुसफुस कानाने ऐकू येत होती. साबणाचं पाणी फवारत फिरलो. होजच्या क्लिपा, जुने कपलर, एक ड्रेन व्हॉल्व्ह तर अर्धा उघडाच. वर्षाला सहा हजार तास धरले तर अठरा किलोवॅटची ही गळती एक लाख युनिटांच्या वर जाते. तेवढे युनिट तयार करायला छतावर सत्तर-पंचाहत्तर किलोवॅटचं सोलर लागलं असतं. मालक बसवायला निघाले होते जवळपास तेवढंच. थोडक्यात, लाखो रुपयांची पॅनेलं नुसती फुसफुशीला वीज पुरवायला लागली असती. गळत्या काढायचा खर्च काही हजारांत आटोपला. सोलर त्यांनी नंतर बसवलंच, आणि ते आता खऱ्या कामाला येतं.

हेच देशाच्या पातळीवर करता येतं, याचा पुरावा आपल्याच घरात लटकतोय. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. एलईडी बल्ब सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी करायचे आणि लोकांना स्वस्तात, हवं तर वीजबिलातून हप्त्याने द्यायचे. २०१४ मध्ये त्या खरेदीत बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये तोच ३८ रुपयांवर आला. या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, आणि दिवा लागतो कधी? सातलाच. सौर पॅनेल ज्या तासाला हात टेकतं, त्याच तासाचा भार त्या साध्या बल्बने उतरवला.

आता पाळी पंख्याची आहे. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटारीचा तीस वॅटच्या आसपास. एक कोटी पंखे बदलले आणि ते संध्याकाळी एकदम फिरत असले, तर ४५० मेगावॅट भार कमी होतो. वाटेतली गळती धरली तर निर्मितीच्या बाजूला पाचशेच्या वर. पंख्यांना तारांकित लेबल २०२३ पासून सक्तीचं झालं, ते चांगलं झालं. पण बल्बसारखी एकगठ्ठा खरेदी पंख्यांसाठी त्याच जोमाने झालेली नाही, आणि माझ्या मते आज करण्यासारखं सगळ्यात सोपं राष्ट्रीय काम तेच आहे.

शेतीपंपाकडे येतो. महाराष्ट्रात हा विषय टाळून ऊर्जेबद्दल काहीही बोलता येत नाही.

२००६ चा जानेवारी. सोलापूर जिल्ह्यातलं एक तेहतीस केव्हीचं सबस्टेशन. भारनियमनाचे दिवस. शेतीच्या फीडरला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. साडेअकराला ऑपरेटरने फीडर सुरू केला आणि अँमीटरचा काटा सरळ टोकाला जाऊन टेकला. ब्रेकर पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. कारण साधं होतं : थंडीत उठून विहिरीवर जायला नको म्हणून जवळपास प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच लावला होता. वीज आली की शे-दोनशे मोटारी एकाच क्षणी सुरू. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तिसऱ्यांदा फीडर टिकला, पण पहाटे एक डीपी गेली. वायरमनबरोबर मी तिथे पोचलो तेव्हा टाकीतून तेल गळत होतं, आणि उसाच्या कडेला एक आजोबा घोंगडी पांघरून, हातात बॅटरी घेऊन उभे होते. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला आलेले. दोनच सऱ्या भिजल्या होत्या. मला म्हणाले, "साहेब, दिवसा चारच तास द्या, पण दिवसा द्या. परवा हितंच बांधावर जनावर निघालं." जनावर म्हणजे साप. ती डीपी बदलायला नऊ दिवस लागले. कपॅसिटर लावा, ऑटो स्विच काढा असं आम्ही गावोगाव सांगत फिरायचो. पण रात्री दोनला उठायचं कोणी, या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर आज आहे. शेतीला दिवसा वीज लागते आणि सौरवीज दिवसाच तयार होते, इतका सरळ जोड दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात नाही. पाणी आठ वाजता दिलं काय आणि दोनला दिलं काय, पिकाला चालतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच कल्पनेवर उभी आहे. राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा आला, ज्याचं उद्दिष्ट सोळा हजार मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं. सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे प्रकल्प उभे करायचे आणि ती वीज थेट तिथल्याच शेतीच्या फीडरला द्यायची. वीज पडते तीन रुपयांच्या आसपास. लांबच्या वाहिन्यांमधली गळती वाचते. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. खडकाळ माळरानाला एवढं उत्पन्न कुठलं पीक देतं?

पण पंप जुनाच राहिला तर अर्धी मेहनत फुकट जाते. कोळशातली उष्णता शंभर भाग धरा. केंद्रातून वीज बनून बाहेर पडते ती पस्तीस. केंद्राचा स्वतःचा वापर वजा जाता बत्तीस-तेहतीस. वाटेतली गळती जाऊन मोटारीपर्यंत पोचते सत्तावीसच्या आसपास. तीनदा रिवायंडिंग झालेली मोटार, झिजलेला पंप, अरुंद पाइप आणि गाळाने भरलेला फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) असा संसार असेल तर सगळ्याची मिळून कार्यक्षमता तीस टक्के. म्हणजे प्रत्यक्ष पाणी उचलायला शंभरातले आठच कामी आले. आणि तेही पाणी मोकाट सोडलं तर मुळाशी किती गेलं ते वेगळंच. हा हिशेब उलटा वाचला तर आशा वाटते : शेताच्या टोकाला वाचलेला एक भाग कोळशाच्या टोकाला बारा भाग वाचवतो. चांगल्या पंपाने कार्यक्षमता तीसवरून पन्नासवर गेली तर तेवढ्याच पाण्याला चाळीस टक्के वीज कमी लागते. मग सौर प्रकल्पही चाळीस टक्के लहान पुरतो. म्हणून मी सांगत असतो की पंप आणि ठिबक आधी, पॅनेल नंतर. निदान बरोबरीने तरी. योजनांमध्ये हा क्रम मला अजून दिसत नाही.

एक काळजी स्पष्टच बोलून दाखवतो. दिवसा भरपूर आणि फुकट वीज मिळाली की विहिरीचा तळ गाठायला वेळ लागत नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल राज्य सरकार भरतंय. शेतकऱ्याची ओढाताण मी जवळून पाहिलीय, त्यामुळे ती सवलत मला खुपत नाही. पण मोटार बंद ठेवण्यात त्याचा काही फायदा असला पाहिजे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी उपसून उरलेली वीज ते ग्रीडला, म्हणजे वीजजाळ्याला, विकू लागले. मोटार बंद असेल तेव्हा पैसे मिळतात, म्हणून उपसा जपून होतो. आपल्याकडे हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवतं. या दोन गोष्टी एकत्र आणल्या तर शेतकरी, भूजल आणि ग्रीड तिघांचंही भलं होईल. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला हे जड जाऊ नये.

आता पुन्हा संध्याकाळचे सात. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवायची तर दोन मार्ग आज हाताशी आहेत : पाणी आणि बॅटरी. पाण्याची ताकद काय असते, ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. नऊ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांत मागणी सुमारे एकतीस हजार मेगावॅटने घसरली. ग्रीड कोसळलं नाही, कारण जलविद्युत केंद्रांनी सतरा हजार मेगावॅटहून अधिक निर्मिती तेवढ्याच वेगाने उतरवली आणि मग परत चढवली. ज्यांनी जुलै २०१२ चे दोन ब्लॅकआउट पाहिलेत, त्यांच्या छातीत त्या रात्री धडधड होती. माझ्याही होती.

कोयनेचे १,९६० मेगावॅट म्हणूनच अनमोल आहेत. कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने साडेसदुसष्ट टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय, म्हणजे प्रत्येक घनफूट मोजून वापरायचा. ते दुपारी खर्च करणं म्हणजे दिवसाउजेडी कंदील लावणं. घाटघरला तर सह्याद्रीचा कडाच कामाला लावलाय : वरच्या पठारावर एक जलाशय, खाली कोकणाच्या बाजूला दुसरा, मध्ये २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, नड असेल तेव्हा खाली सोडायचं. चार युनिट खर्चून तीन परत मिळतात. असे अनेक प्रकल्प आता घाटमाथ्यावर प्रस्तावित आहेत. माझं म्हणणं, जिथे जुने जलाशय आहेत तिथे आधी करा, देवराया आणि जंगल नंतर कापायचं की नाही ते बघू.

बॅटरीचं म्हणाल तर माझं मत गेल्या तीन वर्षांत बदललं. २०२२ मध्ये मोठ्या बॅटरी साठवणुकीच्या निविदेत मेगावॅटला महिन्याला दहा लाखांच्या वर भाडं निघालं होतं, २०२५ मध्ये ते अडीच लाखांच्या आत आलं. त्यात सरकारी अनुदानाचा हात आहे हे खरं, तरी उतार विलक्षण आहे. सौरवीज अशीच उतरताना आम्ही पाहिली : २०१० मध्ये युनिटला बारा रुपये, २०१७ मध्ये राजस्थानात भडलाला २ रुपये ४४ पैसे, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैसे. सबस्टेशनच्या आवारात दोन-चार तासांची बॅटरी ही पुढच्या दहा वर्षांत डीपीइतकी सवयीची गोष्ट होईल असं मला वाटतं.

वारा विसरू नका. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, धुळ्यात साक्रीला पवनचक्क्या जोरात फिरतात त्या पावसाळ्यात, नेमकं ढगांमुळे सौरवीज मंदावते तेव्हा. पण त्यातल्या बऱ्याच चक्क्या जुन्या आणि लहान आहेत. त्याच जागी आजच्या उंच, मोठ्या चक्क्या उभ्या केल्या तर नवी जमीन न घेता कितीतरी जास्त वीज मिळेल.

पैशाची बाजू थोडक्यात, कारण तिच्यावर मी बोलू लागलो की थांबत नाही. शेती आणि गरीब घरांच्या स्वस्त विजेचा भार आजवर उद्योग आणि दुकानांच्या चढ्या दराने उचलला. आता तेच मोठे ग्राहक स्वतःचं सोलर लावून बाहेर पडताहेत. त्यांचं चुकत नाही. पण वितरण कंपनीकडे तोट्याचे ग्राहक तेवढे उरले तर वायरमनचा पगार आणि नव्या डीपीचे पैसे कुठून येणार? त्यामुळे अनुदान सरकारने उघडपणे आणि वेळेवर द्यावं, आणि दर तासाप्रमाणे ठरावा, दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग. पिठाची गिरणी, शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप, इलेक्ट्रिक रिक्षांचं चार्जिंग, हे सगळं दुपारी सरकवता येतं.

आणि चंद्रपूर. २,९२० मेगावॅटचं केंद्र, भोवती खाणी, त्यावर चालणारी हॉटेलं, ट्रक, गॅरेज. कोळसा उद्या बंद होणार नाही, पण पंधरा-वीस वर्षांनी तिथल्या पोरांनी काय करायचं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा. जुन्या केंद्राकडे जमीन असते, स्विचयार्ड असतं, चारशे केव्हीच्या वाहिन्या असतात, कुशल माणसं असतात. बॅटरी आणि सौर प्रकल्प तिथेच आले तर बराच खर्च आधीच झालेला असतो. शिवाय पाणी वाचतं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं, हे मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही.

ऊर्जा म्हणजे नुसती वीज नव्हे, हेही लक्षात असू द्या. खनिज तेल आपण पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त आयात करतो, स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून अधिक बाहेरचा. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. तिथे मालाचे ट्रकच रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेतात, आणि घाटातल्या वळणांवर जळणारं डिझेल वाचतं. विजेवर चालू शकणारी प्रत्येक गोष्ट विजेवर आणणं आणि ती वीज स्वच्छ करत जाणं, ही दोन्ही कामं जोडीने चालली पाहिजेत.

तुम्ही काय शिकायचं? पॅनेल बसवणारे खूप तयार होताहेत. वितरण समजणारे कमी पडताहेत. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मनापासून शिका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा आहे, तिची पात्रता आत्ताच बघून ठेवा. सुट्टीत एखाद्या सबस्टेशनवर परवानगी काढून एक रात्र आणि एक दुपार बसा आणि फीडरनिहाय लोडचं रजिस्टर वाचा.

त्याआधी एक काम घरबसल्या होईल. राज्याचं भार प्रेषण केंद्र कळव्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर राज्याची मागणी आणि प्रत्येक केंद्राची निर्मिती दिसत राहते. आठवडाभर रोज दुपारी एकला आणि संध्याकाळी सातला ते आकडे वहीत टिपा : सौर किती, कोळसा किती, कोयना किती. आठव्या दिवशी ती वही घेऊन पुढचा प्रश्न विचारा.